जग बुडणार होतं त्या आठवड्यातलं क्रॉसिंग

पृथ्वी गिळून टाकणारं कृष्णविवर आमच्या गावात आलं ते मोठेबाबांच्या छत्रीतून. छत्री म्हणजे टीव्हीची डिश, आणि मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्या वर्षी आमच्या आळीत छत्री फक्त त्यांच्याच माळवदावर होती. तिच्यामुळे आपल्याला जगाचं सगळं कळतं, असा त्यांचा समज झाला होता. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर अर्धी आळी टीव्हीपुढे बसायची आणि मोठेबाबा खाटेवरून प्रत्येक बातमीचा अर्थ सांगायचे. मला तो माणूस तेव्हाही आवडत नव्हता आणि आताही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी तटस्थपणे लिहिते आहे असा कुणाचा गैरसमज नको.

बातमी अशी होती की जिनिव्हाजवळ जमिनीखाली खोदलेल्या गोल बोगद्यात शास्त्रज्ञ एक यंत्र सुरू करणार आहेत. त्यात अणूच्या पोटातले कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवणार. त्या टकरीतून बारीकसं कृष्णविवर तयार होणार, ते वाढत जाणार आणि डोंगर-समुद्रासकट सगळं खाऊन टाकणार. मुहूर्त बुधवारचा. वाहिनीने पडद्याच्या कोपऱ्यात उलटं चालणारं लाल घड्याळ लावलं होतं, मागे ढोल वाजत होते आणि बाजूला कपाळभर गंध लावलेला ज्योतिषी बसवला होता. निवेदक प्रत्येक वाक्य प्रश्न करून बोलायचा. वाचणार का आपण? उरणार का काही? प्रश्न विचारला की खोटं बोलल्याचा आळ येत नाही, ही त्या लोकांची युक्ती मला तेव्हाच कळली होती.

असाच एका वाहिनीचा माणूस दोन वर्षांपूर्वी आमच्या दारात येऊन गेला होता. माझे वडील विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले, त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी. त्या काळात आमचा जिल्हा बातम्यांत यायचा तो एकाच कारणासाठी: बीटी कपाशी आणि विष प्यालेला शेतकरी. त्या माणसाने आईला विचारलं, कर्ज किती होतं? आई म्हणाली, नव्हतं. मग विष? नाही, मोटारीचा शॉक. त्याने कॅमेरेवाल्याला खूण केली आणि दोघं गाडीत बसून निघून गेले. त्यांच्यासाठी टाकलेला चहा आम्हीच प्यालो.

वडील गेल्यावर सगळं शेत मोठेबाबांच्या हाती गेलं. भावाभावांची वाटणी तोंडीच होती, सातबारा मोठेबाबांच्या नावावर. आईने रस्त्याकडचा अर्ध्या एकराचा पट्टा मागितला. तिला तिथे कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट करायचा होता. मोठेबाबा चार माणसांसमोर म्हणाले, "एक वर्स करून दाखव. बी पास झालं तं पट्टा तुया नावानं करून देतो." हे बोलताना ते हसत होते. आईने मात्र तो शब्द घट्ट धरला. लोकांच्या प्लॉटवर मजुरीने जाऊन जाऊन तिचा हात या कामात तयार झाला होता, आणि स्वतःच्या नावाची जमीन तिने आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगते. बीटी कपाशीचं बी शेतकरी दर वर्षी नवं विकत आणतो, आणि ते कुणीतरी कुठेतरी हाताने बनवलेलं असतं. आमच्या भागात ते बनतं. प्लॉटमध्ये काही ओळी मादी जातीच्या, काही नराच्या. कपाशीच्या फुलात नर-मादी दोन्ही एकत्र असतात. म्हणून दुपारनंतर मादीच्या ओळीतली, उद्या उमलेल अशी प्रत्येक कळी शोधायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि पिवळे परागकोश सोलून काढायचे, मधली नाजूक काडी तेवढी ठेवायची आणि खुणेला वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून नराचं फूल त्या काडीवर घासायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. सण असो, सुतक असो, कळी थांबत नाही. एखादी सोलायची राहिली तर ती सकाळी उमलते, स्वतःच्याच परागाने फळते आणि तिच्या बोंडात निघतं ते भेसळीचं बी. असं फूल दिसलं की खुडून फेकायचं. शेवटी कंपनी बियांचा नमुना पेरून पाहते आणि भेसळ जास्त निघाली तर सगळा माल नापास करते.

आमच्या पट्ट्याला लागूनच मोठेबाबांचा स्वतःचा मोठा प्लॉट होता. दोन्हीकडे बायकांची एकच टोळी कामाला यायची. टोळीची मुकादम एक मुसलमान बाई होती, तिला सगळे भाभी म्हणायचे. तेव्हा रमजान चालू होता. भाभी रोजा धरून दिवसभर कळ्या सोलायची आणि आमच्या घरच्या चहाला हाताने नको म्हणायची. महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या होत्या आणि शेतात फुलांचा भर होता.

मी चिखलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, जीपने जाऊन-येऊन. मंगळवारी मी आमच्या फिजिक्सच्या सरांना विचारलं की असं कृष्णविवर खरंच तयार होऊ शकतं का. "हे सिलॅबसमध्ये नाही," असं म्हणून ते फळा पुसायला लागले. अख्ख्या आयुष्यात एकदाच त्यांच्या विषयाबद्दल लोक रस्त्यावर बोलत होते, आणि तेव्हा ह्या गृहस्थांना फळा पुसायचा होता. मी वाचनालयात गेले. पहिल्या पानावर पृथ्वी भोकात चाललेलं चित्र होतं. आतल्या पानावर, कोपऱ्यात, बोटभर मजकूर होता आणि खरं काय ते त्यात होतं.

त्यात लिहिलं होतं की अवकाशातून येणारे कण आपल्या डोक्यावरच्या हवेवर सतत आदळत असतात, आणि त्यांतल्या कित्येकांचा जोर या यंत्रातल्या टकरीपेक्षा जास्त असतो. पृथ्वी झाली तेव्हापासून हे चालू आहे. चंद्रावरही चालू आहे आणि चंद्र जागेवर आहे. दोन कणांच्या टकरीतली ऊर्जा म्हणाल तर उडत्या डासांच्या लहानशा घोळक्याइतकी, फक्त ती फार बारीक जागेत कोंबलेली. यातून कृष्णविवर झालंच तर ते इतकं क्षुद्र असेल की काही गिळायच्या आत विरून जाईल. मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. मला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन कधी सांगते असं झालं. तेव्हा मला वाटायचं की खरं सांगितलं की लोक ऐकतात.

संध्याकाळी गावात उतरले तर मारुतीच्या पारावर गर्दी. रोगराई आली की गाव पाळायची आमच्याकडे जुनी पद्धत होती. त्या दिवशी बैल जुंपायचे नाहीत, शेतात पाय ठेवायचा नाही, सगळ्यांनी घरात बसायचं. मोठेबाबांनी ती पद्धत या यंत्राला लावली होती. उद्या गाव पाळायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. विज्ञानाच्या प्रयोगासाठी गाव पाळणारी माणसं जगात बहुधा आम्हीच.

मी पारापाशी उभी राहून, वाचलं होतं ते सगळं सांगितलं. चंद्राचं सांगितलं, डासाचं सांगितलं. डासावर लोक हसले.

मोठेबाबा म्हणाले, "तू तठी जाऊन पाह्यलं काय, पोरी?"

"तुम्ही तरी कुठे पाह्यलं, मोठेबाबा?"

"म्या टीव्हीवर पाह्यलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बीटी गावात पहिल्यांदा आलं तेव्हा लोक म्हणत होते की त्याचा पाला खाऊन मेंढ्या मरतात, जमिनी वांझ होतात. तेव्हा याच पारावर बसून मोठेबाबांनी सांगितलं होतं की शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलंय, घाबरू नका. मी त्यांना त्याची आठवण करून दिली. "तेव्हा शास्त्रज्ञ खरे होते अन् आता खोटे कसे झाले?"

"तवा आपला फायदा होता त्यात," मोठेबाबा म्हणाले. "आता काय फायदा हाय?"

माणसांनी माना डोलावल्या. मग ते माझ्या आईचं नाव न घेता म्हणाले की बाप नसला की पोरींची जीभ अशी सुटते. सभा संपली.

मी तशीच भाभीच्या घरी गेले. तिचा रोजा नुकताच सुटला होता, ती दारात खजुराची बी तोंडात घोळवत बसली होती. मी तिला तेच सगळं परत सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, पारावरच्या लोकांसारखी हसली नाही.

"तू म्हनतं ते खरं असंन," ती म्हणाली. "मले वाटते खरंच हाय. पन बाया नाई येत. लेकरं घरी अन् आमी तुमच्या फुलात? काही झालंच तं लेकरं जवळ असाव, एवढंच त्यायचं म्हननं हाय."

"काहीच होणार नाही, भाभी."

"मंग गुरवारी येऊ."

तिचा मला राग आला आणि तो कुठे ठेवावा हे कळेना, कारण चंद्र आणि डास यांतलं काहीही तिच्या बोलण्याला लागू पडत नव्हतं.

बुधवारी सकाळी आई आणि मी दोघीच पट्ट्यात उतरलो. सगळ्या मादीच्या ओळींवर आदल्या दिवशीच्या लाल टोप्या होत्या. आम्ही नराची फुलं ओच्यात भरली आणि धावत धावत घासत सुटलो. ऊन चढेपर्यंतच वेळ असतो, नंतर पराग कामाचा राहत नाही. पाव पट्टाही झाला नाही. उरलेल्या टोप्यांखालच्या काड्या वाळून गेल्या. दुपारी त्या यंत्रात म्हणे कणांचा झोत फिरला. आम्ही तेव्हा उद्याच्या कळ्या सोलत होतो. गाव इतकं सामसूम होतं की रस्त्यावरून गेलेल्या एकुलत्या एका एस.टी.चा आवाज खूप वेळ ऐकू येत राहिला.

जग बुडालं नाही. मला वाटलं, संपलं. पण त्या वाहिनीला असं संपून चालणार नव्हतं. रात्रीच्या बातमीत सांगितलं की आज फक्त झोत फिरवला, खरी टक्कर अजून व्हायचीच आहे, ती कधीही होऊ शकते. हे खरं होतं, हेच त्यातलं संतापजनक. सगळ्या खोट्यात त्यांनी एक खरी गोष्ट सांगितली आणि तिने आमचं वाटोळं केलं. मोठेबाबांनी गाव पाळणं वाढवलं. भाभी आमच्या दारापर्यंत आली, बायका तयार नाहीत म्हणाली आणि खाली मान घालून परत गेली.

गुरुवारी शेत फुलून आलं होतं. सोलायच्या राहिलेल्या कळ्या पहाटे उमलल्या होत्या. एरवी कुणालाही सुंदर वाटलं असतं. आई बांधावर उभी राहून पाहत राहिली. मग तिने पदर खोचला आणि पहिलं फूल तोडून पायाखाली टाकलं.

"जेवढं क्रॉस होईन तेवढं करू," ती म्हणाली, "बाकीचं तोडू. बी थोडं निघो, पन साफ निघो. मले पास व्हायचं हाय."

तसं आम्ही केलं, बायका येईपर्यंत रोज. मी कॉलेज बुडवलं. आपल्याच पिकाची फुलं ओंजळीने तोडून फेकताना आईचं तोंड कसं झालं होतं ते मला सांगता येत नाही, पण ती एकदाही थांबली नाही. बोटं चिकाने काळी पडली होती. शेजारी मोठेबाबांचा प्लॉट तसाच फुललेला, त्यात कुणी उतरलं नव्हतं. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की तुमचीही फुलं तोडा, नाहीतर सगळं बी भेसळीचं होईल. ते टीव्हीपुढेच होते.

"लागलेलं फूल तोडाले सांगून राह्यली मले," ते मोठ्या आईकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, वळून म्हणाले. "हे शिकवतात कालेजात."

पुढे काही दिवसांनी ते यंत्रच बिघडलं. कसलीशी गळती झाली आणि ते बंद पडलं. मोठेबाबांनी पारावर नारळ फोडला, बायका कामावर आल्या आणि सगळं सुरळीत झालं असं सगळ्यांना वाटलं. मोठेबाबांची झाडं बोंडांनी वाकली होती. आमच्या झाडांना मध्येच उघडी जागा होती, वर आणि खाली बोंडं, मधल्या फांद्या रिकाम्या. कंपनीचा फिल्डवाला पाहणीला आला तेव्हा त्याने मोठेबाबांची पाठ थोपटली आणि आमच्या पट्ट्याकडे पाहून नुसतं च्च केलं. आईने त्याला काही सांगितलं नाही. बी पेरून पाहतील तेव्हा कळेल, असा तिचा हिशोब होता.

वेचणी तिने एकटीने केली. कापूस वेगळ्या कट्ट्यांत भरला, घरात आमच्या अंथरुणाशेजारी ठेवला आणि उंदीर लागू नये म्हणून रोज तपासला. कापसातून बी वेगळं काढायला तो कंपनीच्या एजंटाच्या जिनावर, म्हणजे जिनिंगच्या कारखान्यात, न्यायचा होता. तेही तिने स्वतः उभं राहून करून घेतलं. बी फार नव्हतं, पण एकेक दाणा तिच्या हाताखालून गेलेला होता.

माल द्यायच्या दिवशी मी चिखलीहून थेट जिनाच्या अंगणात आले. मोठेबाबांच्या बियांचा मोठा ढीग ताडपत्रीवर होता. आई एजंटाच्या खोलीत अंगठा द्यायला लागतो का, म्हणून विचारायला गेली होती. मी फाटकातून आत शिरले तेव्हा मोठेबाबांनी आईचा शेवटचा कट्टा उचलला आणि त्या ढिगावर उपडा केला. आधीचे दोन रिकामे होऊन बाजूला पडले होते.

मी ओरडले. ते दचकून वळले, पण चोरी पकडल्यासारखे नव्हे.

"काऊन बोंबलून राह्यली? दोनी माल माह्याच नावावर जाते. करार माह्या नावाचा, सातबारा माह्या नावाचा. येगळं काऊन ठेवा?"

आई बाहेर आली. तिने ढीग पाहिला आणि रिकामे कट्टे पाहिले. ती ढिगापाशी बसली, तिने मूठभर बी उचललं आणि तळहातावर पसरलं. कुणाचं बी कोणतं, हे जगातल्या कुणालाही डोळ्यांनी सांगता आलं नसतं. थोडा वेळ पाहून तिने ते परत ढिगावर ठेवलं, फेकलं नाही. मग ती उठली आणि आम्ही दोघी जीपची वाट पाहत रस्त्यावर उभ्या राहिलो. मी तिला म्हटलं, भांडू या, पंचांना बोलावू. ती म्हणाली, "काय सांगशीन?"

माल नापास झाला. फिल्डवाल्याने मोठेबाबांना फोनवर कळवलं. भेसळ इतकी होती की पुढच्या वर्षी त्यांच्या शेतात प्लॉट देणार नाही म्हणाला. मोठेबाबा घरी येऊन आईला म्हणाले, "बी पास झालं तं पट्टा, असं ठरलं होतं. झालं का पास?" त्या जूनमध्ये त्यांनी पट्ट्यात सोयाबीन पेरलं. आई भाभीच्या टोळीत दुसऱ्यांच्या प्लॉटवर कळ्या सोलायला जाऊ लागली, गुडघे धरेपर्यंत जात राहिली.

यंत्र दुरुस्त झालं, टकरीही झाल्या, पुष्कळ झाल्या. मी तोवर एम.एस्सी. करून शिकवायला लागले होते. दरवर्षी एखादी मुलगी मला विचारतेच की त्यातून कृष्णविवर होऊन पृथ्वी संपली असती का. मी तिला नीट समजावते, फळा पुसत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मोठेबाबांच्या नातीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत मोठेबाबा ती हकिगत सांगत होते. आता ते थकले आहेत, पण हकिगत रंगवून सांगतात. लाल घड्याळ, पाळलेलं गाव, पारावरचा नारळ. लोक पोट धरून हसत होते. शेवटी ते म्हणाले, "एवढं भेलो आमी, अन् झालं काय? काहीच झालं नाई." आई माझ्या शेजारी बसली होती. तिने पानातली पोळी मोडली आणि खाली ठेवली.

मी म्हणाले, "आईचा पट्टा गेला, मोठेबाबा."

आधी मी काय बोलते आहे तेच त्यांना कळेना, मग हळूहळू आठवलं.

"ते तं बियाचं झालं," ते म्हणाले. "त्याचा अन् याचा काय संबंध?"

मी इतकी वर्षं धरून चालले होते की त्यांना माहीत आहे आणि ते लाजेने बोलत नाहीत. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा कळलं की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच संबंध दिसत नव्हता. मी हात धुतले, आईला उठवलं, आणि तेव्हापासून त्या घरचं पाणी आम्ही दोघी पीत नाही.